नाना कुठे जेवायचे?

नाना गेल्यापासून आमच्या हॉटेलात लोक जेवायला येतात आणि जाताना एक किस्सा सोडून जातात. बिल देताना एक, बडीशेप चघळताना दुसरा, मोटारसायकलला किक मारता मारता तिसरा! नाना म्हणजे माझे वडील. पारोळ्यात हायवेला आमचं हॉटेल, आता गल्ल्यावर मी बसतो. मला बोलायला फारसं जमत नाही, मी नुसती मान हलवतो. त्यामुळे लोकांना वाटतं, याला अजून एक सांगू या!

वर्षभरात इतके किस्से जमले की माझाच गोंधळ उडालाय. एका किश्शातले नाना दुसऱ्या किश्शात बसतच नाहीत.

आणि यंदा ते बसवायची वेळ आली, कारण नानांची पहिली आखाजी. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची आणि एखाद्या वडीलधाऱ्याला त्याच्या जागी ‘पितर’ म्हणून बसवून पोटभर जेवू घालायचं. पुरणपोळी, आमरस, कुरडई तर घरोघरी असतंच. आई म्हणाली, "ताटात एक वाटी त्यांच्या आवडीची पाहिजे. काय आवडायचं रे त्यांना?"

मी म्हटलं, "मला काय विचारते? बायको तू ना!"

आईने तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "एवढा संसार केला, आणि मला हेसुद्धा माहीत नाही. लोकांना काय सांगू?"

म्हणून मी लोकांनाच विचारत सुटलो.

*

पहिले भेटले पाटील सर. दर रविवारी भरीत खायला येतात.

"नानांना भरीत! दुसरं काही नाही! मला स्वतः म्हणाले होते, 'सर, भरीत असलं की मला पोळीसुद्धा लागत नाही.'"

शेजारच्या टेबलावर कापडवाले शेठजी होते. त्यांचा हात डाळीच्या वाटीतच थांबला.

"काय बोलता सर! नाना वांग्याला शिवत नव्हते. बिनकांद्या-लसणाची डाळ खायचे. मला म्हणाले, 'शेठ, तुमच्यामुळे माझा कांदाच सुटला.'"

"कांदा सुटला? ते तर भरितावर कच्चा कांदा घ्यायचे!"

"तुम्ही पाहिलं घेताना?"

"पाहिलं नाही, पण ते म्हणाले ना!"

"मग मलाही तेच म्हणाले!"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी बडीशेपची वाटी पुढे केली.

*

मग मी सुपडूआबांना गाठलं. आमचे आचारी. हॉटेल सुरू झालं त्या दिवसापासून भट्टीवर आहेत. यांच्याइतकं नानांच्या पोटाचं कोणाला माहीत असणार?

आबा म्हणाले, "बठ्ठासले आसंच सांगेत नाना. जो जे मांगे, त्याले म्हणेत, माले बी हाईच आवडस!"

"मग खरं काय आवडायचं?"

"माले काय माहीत भाऊ? नाना ते घर जेवेत ना! रोज माले सांगेत, 'आबा, तुम्ही जेवी ल्या, मी घर जेवसु.'"

मी आबांना तसाच स्कूटरवर बसवून घरी आणलं. आईसमोर उभं केलं.

"घरी?" आई म्हणाली. "मी ताट केलं की म्हणायचे, 'हॉटेलात जेवून आलो.' सकाळी चहात बुडवून एक पोळी खायचे, तेवढं मी पाहिलंय."

आबा आईकडे बघताहेत, आई आबांकडे. आखाजीला माहेरी आलेली माझी बहीण रेखा झोक्यावरून उतरली.

"थांबा, थांबा. घरी नाही, हॉटेलात नाही. मग इतकी वर्षं माणूस जेवला कुठे?"

आबा म्हणाले, "चहा ठेवा वहिनी!"

*

रेखाच्याच लग्नातला किस्सा. यावलला तिच्या सासरी मोठी पंगत होती. नाना नवरीचे बाप, पण हातात वरणाची बादली! नवरदेवाच्या एका मामांनी ओळखलं नाही. ते ओरडले, "ओ केटरर! इकडे कोणी पाहतं की नाही?"

नाना पळत गेले. वरण वाढलं, वर "तूप घ्या ना, तूप घ्या" असा आग्रहही केला.

मग व्याह्यांनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि स्वतः घास भरवला. फोटोवाल्याने फोटो काढला. नानांनी डोळे मिटून घास चावला. आम्हाला वाटलं, गहिवरले. ते उठले, सरळ भट्टीकडे गेले आणि तिथल्या आचाऱ्याला म्हणाले, "मीठ कमी आहे."

ते परत पानावर आलेच नाहीत. म्हणजे आमच्याकडे नानांचा जेवतानाचा एकच फोटो, आणि त्यातही ते चव तपासताहेत!

*

डॉक्टरांचा किस्सा तर मी स्वतः बिघडवला. धुळ्याच्या डॉक्टरांना शुगरची शंका आली. म्हणाले, "आठ दिवस काय काय खाता, ते लिहून आणा."

नाना मला म्हणाले, "लिही. सोमवार. दाल-बट्टी, घोटलेली वांगी. मंगळवार. शेवभाजी, भाकरी, ठेचा..." मी खाली मान घालून लिहीत गेलो. मला वाटलं, कधी तरी खात असतील.

डॉक्टरांनी कागद वाचला. रिपोर्ट वाचला. पुन्हा कागद वाचला.

"नाना, एवढं खाऊन तुमची शुगर नॉर्मल? आणि वजन पन्नास किलो?"

मी कागदात डोकावलो, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तो आमच्या बोर्डावरचा मेनू होता!

डॉक्टर म्हणाले, "हे नेमकं कोण खातं?"

"गिऱ्हाईक," नाना म्हणाले. "त्यांना काही होणार नाही ना साहेब?"

*

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी आई पुरण वाटत होती आणि वाटी अजून ठरली नव्हती. तेव्हा मला एकदम धुळ्याचं हॉटेल आठवलं. हा किस्सा मी कधी कोणाला सांगितला नव्हता, कारण त्यात माझी शाळा येते. आता आईला सांगितला.

मी नववीतून शाळा सोडली. नाना रागावले नाहीत. म्हणाले, "चल, धुळ्याहून पातेलं आणू." पातेलं घेतलं आणि बाजारातच ते म्हणाले, "भूक लागली रे." हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं!

एका जुन्या हॉटेलात शिरलो. एका खुर्चीवर नाना, एकीवर मी, तिसरीवर पातेलं. वेटरने भाज्यांची नावं धडाधड म्हणून दाखवली. नाना म्हणाले, "ते राहू दे. तुझा मालक काय खातो? तेच आण."

वेटर गडबडला. गल्ल्यावर एक म्हातारे आप्पा बसले होते, त्यांच्या कानाशी लागला. आप्पांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. वेटर परत आला.

"मालक म्हणतात, मी घरी जेवतो."

नाना इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला! मग ते उठले, गल्ल्यापाशी गेले, आप्पांशी हळू आवाजात काही तरी बोलले. परत येऊन त्यांनी पातेलं खाली ठेवलं. आप्पा त्या खुर्चीवर येऊन बसले. तीन ताटं आली. नाना पोटभर जेवले.

आईचा हात थांबला. "काय होतं ताटात?"

"तेच आठवत नाही. मी त्यांच्याकडेच बघत होतो."

आईने उरलेलं पुरण वाटून घेतलं. मग म्हणाली, "त्या आप्पांनाच पितर सांगून ये."

लगेच धुळ्याला गेलो. मला वाटलं होतं, ओळखणार नाहीत. पण मी "पातेलं" म्हटल्याबरोबर आप्पा उभे राहिले. नाना गेल्याचं सांगितलं, तेव्हा परत बसले. काय जेवलो होतो, विचारलं.

"जे उरलं असेल ते. कोण लक्षात ठेवतं बेटा? येतो मी."

आखाजीला आले. आईने त्यांना पाटावर बसवलं, पाया पडली. ताटात सगळं होतं, आणि आवडीची वाटी तिने रिकामीच ठेवली होती. आप्पांच्या शेजारी सुपडूआबा, पलीकडे रेखाची मुलं. मी रस वाढून पुढे गेलो.

आप्पांनी पहिला घास घेतला. दुसरा हातात होता, तेवढ्यात त्यांची नजर आबांच्या वाटीवर गेली. आबांचा रस संपला होता. स्वतःच्या ताटातली रिकामी वाटी मात्र त्यांना दिसलीच नाही. घास ताटात ठेवून ते उठले, हात धुतला, माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि सरळ पंगतीत वाढायला लागले. "घ्या आबा, घ्या. बाळा, तुला?"

आई दारातून ओरडली, "अहो, तुम्ही आधी जेवा ना!"

आप्पा वळलेसुद्धा नाहीत.

"होऊ द्या ताई यांचं. मी घरी जेवतो."