मंगळावरचा रोवना

भंडारा जिल्ह्यातला पयला विज्ञान कादंबरीकार मीच. लिहिता-वाचता मले येत नाई, पन ते किरकोळ बाब हाय.

शाळेत मी तीन दिवस गेलो होतो. चौथ्या दिवशी गुरुजीच घरी आले न बापाले म्हनले, "याले बैलाईमांग धाडा, तिथं याचं जमन."

मानूस चंद्रावर जाऊन आला त्याले तवा पाच-सात वर्स झाले असतीन. आमच्या आसगावात ग्रामपंचायतीच्या रेडिओवर एक गोष्ट लागली. कोनी शास्त्रज्ञ, त्याचं यान, न काय काय. मी मनात म्हनलो, येवढ्या फेका तं मी बसल्या जागी मारतो. गावात मले समदे फेक्याच म्हनत. मले वाटलं, पेपरात एकदा नाव छापून आलं का फेक्याचा लेखक होते. बस, तेवढंच पायजे होतं मले, छापील नाव.

बायको सातवी शिकलेली. तिले म्हनलो, "मी कादंबरी सांगतो, तू लिहून घे."

बायको म्हने, "अजी, आधी हा तेंदूपत्ता भिजवा."

दुपारी आमच्या सपरीत पाच-सहा बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायच्या. मी खांबाले टेकून कादंबरी सांगायचो. दिवेलागनीले बायको ते वहीत उतरवायची. आता बिडी कारखान्यातला चेकर एकेक बिडी पाह्यते, फुसकी दिसली का बाजूले फेकते. त्याले छाट म्हनते. त्या बायाईच्या बिड्याईची रोज छाट व्हायची, अन् त्याचा राग त्या माह्या कादंबरीवर काढायच्या.

माहा शास्त्रज्ञ उंच, गोरा, मिशीवाला. मी उंचबी नाई न गोराबी नाई, पन मिशीवरून कोनाच्याबी ध्यानात आलं असतं. पयल्याच दिवशी मी त्याले मंगळावर उतरवलं न चहूकडं हिरवागार धान उभा केला.

शेजारची बाई बिडीले धागा गुंडाळता गुंडाळता म्हने, "भाऊजी, पऱ्हे कवा टाकले?"

"कायचे पऱ्हे?"

"रोप नाई टाकलं तं रोवाले काय आनलं? न पानी कोन्या तलावाचं?"

मी म्हनलो, "शास्त्रज्ञ हाय तो. बटन दाबलं."

"छाट," बाई म्हने. बाकीच्या हासाले लागल्या.

"अन् रोवलं कोनं?" दुसरीनं इचारलं.

"त्यानंच."

"मानसानं? तुमी कवा वाकले जी बांधीतल्या चिखलात? बांधीच्या कडेले धुऱ्यावर बसून बिडी ओढता न आमाले म्हनता, हात चालवा."

झालं. दुसऱ्या दिवशी यानात पाच बाया घेतल्या, तवा कुठं कादंबरी पुढं सरकली. पावसाळ्यापासून कापनीपर्यंत पुरी वही भरली.

मंग आमी दोघं एसटीनं भंडाऱ्याले गेलो. बायकोले पानी भराले पितळेची गुंडी घ्यायची होती, मले लेखक व्हायचं होतं. गुंडी पयले झाली. मंग एका साप्ताहिकाच्या संपादकाकडं गेलो.

संपादक म्हनले, "वाचून दाखवा."

मी वही डोयासमोर धरली न तोंडपाठ सुरू केलं. शास्त्रज्ञ कसा उतरला, कसा हुकूम सोडून राहिला. मदात मदात थुका लावून पान पलटवत होतो. संपादक उठून माह्या मांगं येऊन उभे राह्यले. थोड्या वेळानं त्याईनं वही हातातून घेतली न सोताच वाचाले लागले. वाचता वाचता हासाले लागले.

"बुवा, तुमचा शास्त्रज्ञ तं दुसऱ्याच पानावर मेला."

"कोन मेला?"

"यानातून उतरला, चिखलात घसरला न मेला. बायाईनं त्याले धुऱ्यावर पुरलं अन् रोवन्याले लागल्या. पुढं समदं बायाईचंच हाय. अन् झ्याक हाय."

मी बायकोकडं पायलं. बायको गुंडीले टिचक्या मारून पाहत होती.

"काहून मारलं वो मले?"

"रोवन्याच्या मदात मदात येत होते."

संपादकानं वही बायकोच्या हातात देली न इचारलं, "छापतो मी हे. नाव कोनाचं टाकू?"

मी सदऱ्याची कॉलर सारखी केली. बायकोनं टिचक्या मारनं थांबवलं. वही तिनं पोटाशी धरली होती, लेकरू धरल्यावानी. माह्या तोंडून निंगालं, "हिचंच टाका." मोठ्या मनानं म्हनलो असं समजू नका. संपादकानं मलेच लिहून मांगतलं असतं तं काय केलं असतं मी?

तरी जीव राहिना. हळूच म्हनलो, "मंग माहं नाव कुठं येईन?"

बायको उठली. "तुमी मेले ना दुसऱ्या पानावर," म्हने. "आता गुंडी उचला न चाला."