भोयर सरांचे उमरेडचे रविवार

मागच्या महिन्यात कोर्टात मी एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत असताना आमच्या मुन्शीने चिठ्ठी पुढे सरकवली. भोयर सर गेले. सकाळीच गेले, मौद्याला, आपल्या घरी. पुढची तारीख मागून घ्यावी असं क्षणभर मनात आलं. पण खेड्यावरून एस.टी.ने आलेल्या साक्षीदाराला तसाच परत पाठवणारा वकील सरांच्या लेखी वकीलच नव्हता... उलटतपासणी पुरी केली, बाररूममध्ये आले आणि मग रडले. चारचौघांत वकीलबाईने असं रडू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

सर आम्हाला लॉ कॉलेजात पुराव्याचा कायदा शिकवत. मौद्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. वर्गात धडा शुद्ध मराठीत आणि इंग्रजीत, पण राग आला की थेट वऱ्हाडीत. त्यांचा एक हट्ट होता. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाने रविवारी त्यांच्यासोबत उमरेडला यायचं, विणकरांच्या सोसायटीच्या पडवीत सतरंजीवर बसायचं आणि येईल त्याचा अर्ज फुकट लिहून द्यायचा. "डाक्टरकीच्या पोराले पेशंटले हात लावल्याबिगर पास करत नाही," ते म्हणत, "अन् तुम्ही मानूस न पाहता वकील होता?" बाकीचे प्राध्यापक हसत, भोयर पोरांना अर्जनवीस करून सोडणार म्हणत. सरांना त्याचं काही नव्हतं. नियम मात्र कडक होता. अंगठा घेण्याआधी सोबतच्या सगळ्यांना बाहेर पाठवायचं, अर्ज त्या माणसाला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा आणि त्यात काय लिहिलंय ते त्याच्याच तोंडून परत ऐकायचं.

मला हा नियम म्हणजे उगाचच फाटे फोडणं वाटे. मी रामदासपेठेतली, वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क, घरात सगळं कसं व्याकरणशुद्ध. माझं अक्षर मोत्यासारखं आणि त्याची मला घमेंड केवढी! एका रविवारी गिरजाबाई नावाची विणकर बाई आली. नवरा नुकताच वारलेला, एका खोलीचं घर, त्यात हातमाग. सोबत तिचा दीर. हा माणूस नीटनेटकं, आमच्या घरच्यासारखं बोलायचा. ती बोलायला लागली की अडखळायची, पदर सावरायची, आणि वाक्य तो पुरं करायचा. मी करू दिलं. मागे रांग होती, तीनची बस गाठायची होती... आणि खरं सांगायचं तर त्याचं बोलणं मला लिहायला सोपं जात होतं. घर त्याच्या नावे करायचं घरच्यांनी ठरवलंय, वहिनीची हरकत नाही, असं त्याने सांगितलं. मी सुरेख अक्षरात ते लिहिलं. तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. अंगठा घेतला. त्याला बाहेर पाठवलं नाही आणि तिला वाचूनही दाखवलं नाही.

दोन आठवड्यांनी ती एकटी आली. तहसील कचेरीची नोटीस शेजारणीच्या मुलीने तिला वाचून दाखवली होती. ती माझ्यासमोर बसलीच नाही, उभ्यानेच म्हणाली, "मी तं घर माह्या नावानं कराचा अर्ज द्याले आली होती, बाई. माहा माग त्या घरात हाय. आता मी कुठं जाऊ?"

सरांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "वाचून दाखवलं होतं काय वं?"

हो म्हणून टाकावं असं मनात आलं, हे आज कबूल करते. अंगठेबहाद्दर बाई ती. तिच्या शब्दाला कोण विचारणार होतं? पण सर समोर होते. मी नाही म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात सुनावणी होती. तू उभी राहून बयान द्यायचं, सर म्हणाले. मी गयावया केली, की माझी वकिलीची सनद अजून यायची आहे, असलं बयान दिलं तर कोण देईल मला सनद? तेव्हा ते म्हणाले, "तुही सनद अजून यायची हाय. तिचं घर मात्र तुह्या कागदानं चाललं."

कचेरीत मात्र माझ्याआधी तेच उभे राहिले. ही माझी विद्यार्थिनी आहे, नियम मी घातला, तो पाळला जातो की नाही हे बघणं माझं काम होतं, तेव्हा पहिलं बयान माझं लिहा, असं त्यांनी तहसीलदारसाहेबांना सांगितलं. कॉलेजच्या संचालकांना हे रविवार बंद करायला निमित्तच हवं होतं, ते त्यांनी आपल्या हाताने देऊन टाकलं. मग मी उभी राहिले. दिराच्या वकिलाने विचारलं, म्हणजे तुम्ही खोटा अर्ज लिहिला? मी म्हटलं, "खोटा नाही, पण तो या बाईंचा नाही. मी त्यांना विचारलंच नाही." अर्ज रद्द झाला, घर गिरजाबाईच्या नावे लागलं. संचालकांनी सरांना बोलावून खूप सुनावलं. रविवार काही बंद झाले नाहीत. माझी सनदही वेळेवर आली.

ती पडवी अजून आहे. सर गेल्यानंतरच्या रविवारी मी तिथे जाऊन बसले. आताची पोरं-पोरी खाली मान घालून लिहीत होती, आणि मला त्या सुनावणीनंतरचा रविवार आठवला. मी यायलाच तयार नव्हते. आले तर पार मागे, भिंतीला टेकून बसले. गिरजाबाई एका शेजारणीला घेऊन आली. पुढे चार मुलं मोकळी होती, त्यांना ओलांडून ती तिला सरळ माझ्यापुढे घेऊन आली.

"हिच्यापाशी सांग वं," ती म्हणाली. "हिनं एकडाव चुकवलं, अन् चार लोकांत कबूल केलं. आता नाई चुकवणार."

सर शेजारच्या सतरंजीवर होते. त्यांनी ऐकलं आणि आपल्या फाइलीतला एक कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.