रिलीव्हर आल्याशिवाय

आम्ही सहा जणांनी मिळून सिल्वासात फुटबॉल क्लब काढला, तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, मी नाचगाण्याचा क्लब काढला. टोकरखाड्याच्या आमच्या सोसायटीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. खरं तर मालकांत मी सगळ्यात लहान. धुळ्याहून फिटर म्हणून आलो, यार्नच्या, म्हणजे सुताच्या, कारखान्यात बारा वर्षं काढली आणि मग सामरवरणीला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. बाकीचे पाच जण कारखानदार. पण व्यावसायिक लीगच्या पहिल्या सामन्यात जर्सीवर आमच्या गावाचं नाव बघितलं आणि माझी छाती जी फुगली, ती अजून खाली बसलेली नाही.

त्या अकरांत इथला म्हणावा असा एकच गडी होता. दुधनीचा, सव्वीस वर्षांचा, डाव्या बाजूचा बचावपटू. सकाळी सराव करायचा आणि दुपारच्या पाळीला कारखान्यात मशीनवर उभा राहायचा. बंगालहून आणलेल्या आमच्या कोचना तो मेहनती वाटायचा, पण लीगच्या तोडीचा वाटत नव्हता. हंगामाच्या शेवटच्या सामन्यावर त्याचं ठरणार होतं. चांगला खेळला तर पूर्णवेळ करार, नाहीतर क्लबातून कायमची सुट्टी. हे त्यालाही स्पष्ट सांगितलेलं होतं.

त्या सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो. पाचेक मिनिटं उरली असताना कोचनी त्याला बदलायचं ठरवलं आणि त्याच्या नंबराची पाटी वर झाली. गडी हलेना. बदली खेळाडू रेषेबाहेर ताटकळत उभा, कारण हा बाहेर पडल्याशिवाय त्याला आत येता येत नाही, आणि हा आपली जागा धरून ठाम. रेफ्री धावत आला, त्याने समजावलं, घड्याळ दाखवलं, शेवटी पिवळं कार्ड काढलं. काही उपयोग नाही. खेळाडू जातच नसेल तर खेळ पुढे चालू ठेवायचा असा नियम, म्हणून वैतागून त्याने खेळ सुरू केला. दुसऱ्याच मिनिटाला समोरच्यांचा चेंडू आमच्या गोलकीपरला चकवून आत चालला होता, तो ह्या पठ्ठ्याने गोलरेषेवरून लाथाडला. मी असा ओरडलो की पुढचे दोन दिवस माझा घसा बसला होता. सामना आम्ही जिंकलो.

कोच मात्र लालबुंद. मैदानाच्या ऑफिसातच बैठक बसली. सांगितलेलं न ऐकणारा खेळाडू मला नको, असं ते म्हणाले, आणि कारखानदार माना डोलवायला लागले. मला राहवेना. मी उभा राहिलो आणि कोचना सांगितलं की कारखान्यात रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, शेजारी येऊन उभा राहिल्याशिवाय कोणी मशीन सोडत नाही. ह्याला तीच सवय. बदली गडी आत येऊन जागा घेईल, मग आपण निघू, असं त्याला वाटलं. पाचही कारखानदारांचे चेहरे उजळले. मशीन तशीच टाकून गेलेल्या माणसापायी त्यांनी प्रत्येकाने कधी ना कधी कपाळावर हात मारलेला होता.

“असा माणूस तर मला माझ्या फॅक्टरीत पण पायजे,” पाचांतले यार्नवाले शेठ म्हणाले. “सही करून घ्या.” कोचसुद्धा हसले.

कराराचा कागद घेऊन मीच धावत गेलो. तो बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मी त्याला कसं वाचवलं, ते मी अगदी रंगवून सांगितलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

“काका, नियम मला म्हाईत होता,” तो म्हणाला. “पण आज बाहेर गेलो असतो, तर परत आत कोणी घेतलं असतं?”

 खरं तर राग यायला हवा होता, पण मला त्याचा भयंकर अभिमान वाटला. तेवढ्यात शेठ आणि कोच आमच्याकडेच येताना दिसले.

“हे आता कोणाला बोलू नकोस,” मी म्हणालो आणि टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं.