मोहाचं तेल आणि पांढरं ग्रीस

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. घरात वहिनीचा विषय निघाला की मी गुरांना पाणी दाखवायच्या निमित्तानं उठायचो. आता गोठ्यात गुरं नाहीत, निमित्तही उरलेलं नाही. तिच्या ज्या सुनेवर ठपका आला ती अजून किन्हवलीला माहेरी राहते. आमच्या गावात तिच्याबद्दल जे बोललं जातं ते खोटं आहे. ते मी पसरवलं नाही. ते खरं वाटावं अशी व्यवस्था मात्र मी केली.

आमचं गाव मुरबाडच्या पुढं, सिद्धगडाच्या बाजूला. मी मुरबाडच्या एका कारखान्यात फिटर होतो. फिरणाऱ्या भागांना तेल-ग्रीस देणं, घासलेले बुश बदलणं, यात माझी सगळी नोकरी सरली. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो की चुकीचं वंगण कोरड्यापेक्षा वाईट. कोरडं मशीन ओरडून सांगतं तरी. चुकीचं वंगण त्याचं तोंड बंद करतं आणि आतून खातं.

निवृत्त होऊन घरी आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी वहिनीला लकवा झाला. भाऊ आधीच गेला होता. आई लवकर वारल्यामुळं माझं लग्न होईपर्यंत मी वहिनीच्याच हातचं जेवलो होतो. तिची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उजव्या हाताला सुई टोचली तरी तिला कळत नसे. त्यात साखर. तिचं सगळं सून करायची, म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. वरच्या वाडीवरून मोहाच्या बियांचं तेल यायचं, ते कोमट करून ती रोज म्हातारीचा हात चोळायची. मग पुतण्यानं कल्याणहून हातात धरायचं मसाजचं मशीन आणलं. मागं प्लास्टिकची मूठ, पुढं थरथरणारी धातूची चकती. सून आधी तेल लावायची, वर पावडर टाकायची आणि मग मशीन हलक्या हातानं फिरवायची.

दिवाळीनंतर ते मशीन किंचाळायला लागलं. वहिनीला तो आवाज सोसत नव्हता. ती डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि डाव्या हातानं चादर धरायची. सून म्हणाली, दुकानात देऊ या का दुरुस्तीला. ते मला लागलं. सगळा जन्म मशिनं खोलली, आणि आता ह्या खेळण्यासाठी दुकानदाराच्या दारात जायचं?

मी खोललं. चकतीच्या लगेच मागं शाफ्ट ज्या बुशात, म्हणजे धातूच्या आखूड नळीत, फिरतो तो कोरडा पडला होता. पांढऱ्या घट्ट ग्रीसचा थोडा थर कडेला उरला होता. नवं ग्रीस मुरबाडला मिळालं असतं, पण खळ्यावर भाताची झोडणी चालू होती आणि घरातली सगळी माणसं माझ्या हाताकडं बघत होती. वहिनीच्या उशाशी मोहाच्या तेलाची बाटली होती. आमच्या वडिलांनी बैलगाडीच्या आसालाही हेच तेल घातलेलं मी पाहिलं होतं. बुशात चार थेंब सोडले आणि मशीन पुन्हा जोडून चालू केलं. आवाज गेला.

वहिनी अर्ध्या तोंडानं हसली. सून म्हणाली, "काकांचा हात लागला नि कसा गप झाला बघा."

मला माहीत होतं. पातळ तेल गरम झालं की पळतं, आणि पळताना असलेलं ग्रीसही धुऊन नेतं. वर ती पावडर आत शिरणार. बाजाराच्या दिवशी ग्रीस आणू असं मी मनाशी म्हटलं. बाजार आला नि गेला. आवाज येत नव्हता, म्हणून मीही विसरल्यासारखं केलं. आवाज गेला म्हणजे घर्षण गेलं असं नसतं, हे शिकवणारा माणूस मी.

थंडी वाढली तेव्हाची गोष्ट. भर दुपारी सून खळ्यावर धावत आली आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आत्याबाईंचा हात." आम्ही जाऊन पाहिलं. चकतीच्या मापाची कातडी भाजून सोलून निघाली होती. वहिनी आमच्याकडं शांतपणे बघत होती. तिला काही कळलंच नव्हतं. आणि मूठ प्लास्टिकची, त्यामुळं धरणारीलाही पुढचा ताप कळला नसणार.

पुतण्या चिडला. एकाच जागी धरून बसली असेल, लक्ष फोनात असेल, असं तो सगळ्यांसमोर बोलला. सून म्हणाली, "फिरवत होते मी. मशीनच तापला असंल."

"काकांना बघू दे," तो म्हणाला.

मशीन मी मागच्या पडवीत नेलं. बुश काळा पडला होता. तेल, पावडर आणि धातूची झीज मिळून डांबरासारखा लगदा झाला होता आणि शाफ्ट हातानं फिरवताना अडत होता. ते तसंच उचलून बाहेर न्यायचं आणि दाखवायचं, एवढंच करायचं होतं.

मी ते फडक्यात गुंडाळलं आणि बघायला वेळ लागेल म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी जीपनं मुरबाडला गेलो. जुन्या सोबत्याकडून त्या मापाचा बुश आणि डबीभर पांढरं ग्रीस घेतलं. रॉकेलनं सगळं धुतलं, शाफ्टला बारीक पॉलिश पेपर मारला, बुश बसवला, ग्रीस भरलं. इतकं नीट काम मी नोकरीतही केलं नसेल. बोटानं टिचकी मारली तर शाफ्ट लोण्यासारखा फिरत राहायचा.

संध्याकाळी ओटीवर सगळ्यांसमोर ते मी माझ्याच मांडीवर बराच वेळ धरून बसलो. चकती गार होती. "मशीन चांगलं आहे," मी म्हणालो. ते चांगलं कधीपासून आहे, हे कुणी विचारलं नाही.

सून मशीनकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजे माझ्याच हातानं झाला."

जखम भरली नाही. शिमग्याच्या आधी वहिनी गेली. सुनेचा हात जड, तिनंच सासूला भाजलं, असं गाव बोलू लागलं. शेवटपर्यंत सुनेचा हात जवळ आला की ती डाव्या हातानं तो कुरवाळायची. ते बघवत नाही म्हणून मी त्या खोलीत जाणं कमी केलं. दिवसकार्य झाल्यावर सुनेचा भाऊ तिला थोडे दिवस म्हणून घेऊन गेला. पुतण्या तिला आणायला गेला नाही, आणि जा म्हणून सांगण्याइतका मोठा घरात मीच होतो.

गेल्या वर्षी मी किन्हवलीला गेलो. सरळगावला जीप बदलली. वाटभर बोलायचं ते मनात लावत होतो. सुनेनं डोक्यावर पदर घेतला, पाणी दिलं, चहा ठेवला. काकाच म्हणाली. फणसाला यंदा किती फणस लागले, गाय विकलीत का, असं विचारत राहिली. आत तिची आई गुडघे धरून बसली होती आणि शेजारची एक बाई तिला तेल चोळत होती. मी सहज विचारलं, शेजारणीला कशाला त्रास?

ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा हात जड हाय ना, काका. मी नाय लावत कोणाला. आईला पन नाय."

कपबशी माझ्या हातात होती. "तसं काही नसतं गो," मी म्हणालो, आणि भात किती झालं ते विचारलं. ती सांगू लागली. मग रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला आणि मी उठलो.

पुन्हा गेलो नाही. गुडघे जीपमध्ये चढू देत नाहीत असं घरी सांगतो, ते काही खरं कारण नव्हे. जे त्या दिवशी कपबशी खाली ठेवून बोलायला हवं होतं, ते असं होतं:

पोरी, तुझा हात जड नाही. मशीनच तापलं होतं, तू म्हणालीस तसंच. त्यात ते तेल मी घातलं होतं, आणि तू खोटी ठरावीस म्हणून पुसलंही मीच. आईच्या गुडघ्यांना तूच तेल लाव. आणि मला माफ कर.