पाडीची लाळ आणि माझे साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका लाळेवर जीव टाकणारा माणूस परमेश्वराने दुसरा घडवलेला नाही. घडवला असता तर दोघांनी मिळून अख्खा समुद्र बुळबुळीत करून सोडला असता. तसं त्यांनी रत्नागिरीत जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण निवृत्त झाल्यावर ते सगळं शास्त्र नुकत्या जन्मलेल्या वासरांच्या जबड्याशी येऊन थांबलं. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत चघळलेली. गणपतीपुळ्याला आम्ही रांग लावून दर्शन घेऊन आलो, तोवर हे बाहेर एका करडाच्या तोंडात बोट घालून उभे! वर मलाच म्हणाले, "आत काय बघितलंस? खरा चमत्कार इथे आहे." लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचा माणूस बासुंदीला हात लावत नाही. कारण वाटी पुढे आली की यांचं सुरू, "वासरू जन्मतं तेव्हा अंगावर चरबी किती? जेमतेम एका दिवसाची शिदोरी! पण दुधातली चरबी फोडणारं एन्झाइम लाळेच्या ग्रंथीत आधीच तयार. आईच्या पोटात असतानाच!" हे सांगताना डोळे असे विस्फारतात, की वाढप्याला वाटावं बासुंदीत पाल पडली.

हा सगळा चेष्टेचा विषय होता, पाली गावाहून काकीचा फोन येईपर्यंत. काकी म्हणजे माझी सख्खी चुलती. तिच्या गोठ्यात एकच गाय, आणि ती त्या दिवशी वितानाच गेली. मागे राहिली ओलीचिंब पाडी. साडू आणि मी धावत पोचलो, तर काकी पाडीचं तोंड विकतच्या दुधाच्या बादलीत बुडवत होती आणि पाडी ते नाकातून फुरफुरत परत करत होती.

"काकी, बादली ठेव गो ती!" साडू ओरडले. "चोखल्याशिवाय लाळ सुटायची नाही. आणि आधी चीक हवा. आणखी कोणाची गाय व्यालीय?"

"शेजारणीची, कालच. पण ती खरवस करायला बसलीय."

साठी उलटलेला हा गृहस्थ मधल्या दगडी गडग्यावरून असा उडाला, की त्यावरची सुस्त मांजर जागच्या जागी म्हातारी झाली. पलीकडे गूळ किसून तयार, वेलची कुटलेली, माणसं ताटल्या घेऊन बसलेली.

"खबरदार त्यात गूळ टाकलात तर!"

"अहो मास्तर, पाहुण्यांना कबूल केलाय खरवस!"

"पाहुणे उद्याही असतील. पाडी नसेल."

चीक बाटलीत भरला, रबरी बोंडी लावली. पाडी तोंड उघडेना. साडू शेणात फतकल मारून बसले आणि तिच्या टाळूवरून बोट फिरवत राहिले. पाऊण तास गेला. काकीने पदर तोंडाला लावला. मग पाडीची जीभ हलली, ओठांच्या कडेला पांढरा फेस आला, आणि तिने ते बोट ओढलं.

"आली! लाळ आली!" साडू कुजबुजले. लगेच बोट काढून त्यांनी बोंडी पुढे केली. पाडी चोखू लागली. मी तिच्या ओठांखालून हात धरला, तर तो कोमट फेस माझ्या तळव्यावर ओघळला. आजवर हसत आलेल्या माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. काही तासांचा जीव, आई नाही, शिकवणारं कोणी नाही, आणि दूध पचवायचं सगळं सामान हिच्या तोंडात तयार!

पाडी जगली. परवा पालीला गेलो तेव्हा बांधावर करकरा गवत तोडत होती. साडूंनी बोट पुढे केलं. तिने हुंगलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

"मोठी झाली," ते म्हणाले. "आता ते एन्झाइम आटत जाणार. त्याचं काम संपलं."

बोट मात्र त्यांनी बराच वेळ मागे घेतलं नाही.