खानदानबुवांनी रक्त दिलं

खानदानबुवांना साधी शिंक आली तरी ती घराण्याच्या नावानं यायची. "आमच्या खानदानात शिंक अशीच, दणदणीत," असं म्हणून ते नाक पुसत. जेवण जास्त झालं तर खानदानी भूक, कमी झालं तर खानदानी संयम. राळेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावानं त्यांचं खरं नाव केव्हाच टाकून दिलं होतं. ते माझ्या सुनंदाताईचे सासरे. तोंडावर आम्ही दोघी त्यांना मामाजी म्हणायचो, पाठीमागे खानदानबुवा. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, म्हणून ते मला 'बीएस्सीबाई' म्हणत. त्यात कौतुक औषधालाही नसे.

ताईच्या पिंकीला चौथ्या वर्षी झटके सुरू झाले. पोर खेळता खेळता ताठ व्हायची, डोळे वर जायचे, दातखीळ बसायची. बुवांनी निकाल तिथल्या तिथे लावला. "आमच्या खानदानात कोनालेच मिरगी नाई. हे सुनेच्या माहेरून आलं." एवढ्यावर थांबते तर ते बुवा कसले! घाटंजीचा एक मध्यस्थ गाठून त्यांनी मुलासाठी दुसरी बायको बघायला घेतली. आमचे भाऊजी बापापुढे मान हलवण्यापलीकडे काही शिकलेले नव्हते. ताईला एवढंच कळत होतं की आज ना उद्या आपल्याला माहेरच्या एस.टी.त बसवून देतील, आणि पिंकीला सोबत देतील की नाही याचाही भरवसा नाही.

मी पिंकीला यवतमाळला नेलं. तिथे गोळ्या सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं, की नागपूरहून एक पथक येतं, लहान मुलांच्या मिरगीचा अभ्यास करतं. मूल, आईबाप, जमल्यास आजाआजी, सगळ्यांचं थोडं थोडं रक्त घेतात आणि रोग घराण्यातून कसा उतरतो ते शोधतात. परत आल्यावर मी ताईच्या सासरी हे सांगितलं. मला वाटलं, बुवा उडवून लावतील. ते तर उठून उभेच राहिले. "म्हंजे कोनाचं रक्त नासकं हाय ते निंघन? बोलाव त्यायले! आजच बोलाव!"

त्यांना वाटलं, कोर्ट बसणार.

कापसानं सगळ्यांना लोळवलेली ती वर्षं. गावात जीप आली की कुठलं तरी पथक उतरायचं आणि दुःखाची चौकशी करायचं. गावही शहाणं झालं होतं. दुःख जरा फुगवून सांगितलं की सरकारी मदतीच्या पॅकेजात नाव लागतं, ही समजूत पक्की. त्यामुळे नागपूरची जीप थांबली तसा शेजारचा रामभाऊ धावतच आला. "म्याडम, माह्या बायकोलेबी झटके येते. लिहून घ्या." कुंपणापलीकडून बायको ओरडली, "मले कायले येतीन? तुमालेच येत असन, दारूच्या दुकानापाशी!"

बुवांचं उलट. इतर पथकांपुढे कपाळ बडवणारा हा माणूस त्या दिवशी आंघोळ करून, कडक धोतर नेसून, कपाळाला अष्टगंध लावून बसला होता. पथकातल्या डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं. यात कोणाचा दोष काढायचा नाही. अभ्यासाला वर्षं लागतात, घरी निकाल वगैरे येणार नाही. कोणाला नको असेल तर खुशाल नाही म्हणा. बुवांची बाही तोवर खांद्यापर्यंत गेली होती. "पयलं माहं घ्या. रंग पाहा म्याडम, रंग!" ताईची पाळी आली तेव्हा मात्र ते पुढे सरकले. "हे अलग डब्यात ठेवजा. माह्या रक्तात मिसळू नोका."

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "बाबा, तुमच्या घरात पूर्वी कोणाला लहानपणी झटके यायचे का?"

"नाव नोका काढू! आमच्या खानदानात रोग नाई, देवी हाय."

"देवी म्हणजे?"

"माही मोठी बहीन, वच्छी. लहानपनी तिच्या आंगात ये ना देवी! उभी पोट्टी धाडकन पडे. डोये पांढरे, तोंडाले फेस, दात असे गच्च! सारं गाव पाया पडे तिच्या."

डॉक्टरबाईंचा पेन थांबला. "नंतर झोपायची का ती?"

"घंटा-घंटा झोपे! देवी दमवते ना बाप्पा. वच्छी न्हातीधुती झाली तवा देवी गेली निंघून."

"आणखी कोणाच्या अंगात यायची?"

इथे बुवांना बहिणीचा मान आपल्यापेक्षा वाढतोय असं वाटलं असावं. "मलेबी आलती! एकडाव तं बैलबंडीतून खाली पडलो, जीभ चावली. अन् आमच्या काकाले तं मोठा झाल्यावरबी येत होती."

ताईनं पदर तोंडात कोंबला. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. भाऊजींनी जन्मात पहिल्यांदा बापाकडे मान वर करून पाहिलं. डॉक्टरबाई गंभीरपणे म्हणाल्या, "बाबा, फार कामाचं सांगितलंत." बुवा फुलून आले.

जीप गेल्यावर मी गप्प बसले नाही. बसायला शिकलेच नाही. "मामाजी, ती देवी नव्हती. मिरगी होती."

"काय बोलून राह्यली वं तू, बीएस्सीबाई?"

"पिंकीला जे होतं तेच तुम्ही शब्दाशब्दानं सांगितलंत. फरक एवढाच, की तिच्यापुढे कोणी नारळ फोडला नाही. पिंकीला ती तुमच्याकडूनच आली असंही मी म्हणत नाही. ते डॉक्टरबाईही म्हणाल्या नाहीत. पण ताईच्या माहेरून आली, हे कशावरून?"

 बुवा उठून गोठ्यात गेले. पुढचे काही दिवस भाकर खायचे आणि बैलांजवळ जाऊन बसायचे.

अशात तो घाटंजीचा मध्यस्थ उगवला. मुलीकडचे तयार आहेत म्हणाला. "आता सुनेले कवा धाडता, बोला." ताई चहा घेऊन दारातच थबकली.  मी तिच्या मागे.

बुवांनी घसा साफ केला. "सुनेले कायले धाडू? त्या पोरीच्या बापाले सांग, मिरगी आमच्याच घरात हाय. मले होती, बहिनीले होती, काकाले होती. अन् साधीसुधी नाई, पिढ्यान् पिढ्याची हाय! नागपूरचे डॉक्टर जीप घेऊन आलते माहं रक्त न्याले. तुह्या घरी आलते काय कधी?"

मध्यस्थ चहा न घेताच उठला. ताईची माफी बुवांनी मागितली नाही. त्या घराण्यात तसली पद्धत नव्हती. पण त्यानंतर दुसऱ्या बायकोचा विषय त्या घरात कोणी काढला नाही.

गोळ्यांनी पिंकीचे झटके हळूहळू थांबले. पोर शाळेत जाऊ लागली. बुवा मात्र पोस्टमनची वाट पाहत बसायचे. निकाल येणार नाही हे मी किती वेळा सांगितलं, पण एवढं रक्त देऊन निकाल नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटच्या दुखण्यात त्यांचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी सगळं ताईच करायची. मी भेटायला गेले तेव्हा ती चमच्यानं त्यांना पेज भरवत होती.

"सुनंदा," बुवा पुटपुटले, "माह्या रक्ताचं काई आलं काय वं?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझी पदवी जागच्या जागी गप्प झाली.

"आलं ना, मामाजी. लय चांगलं आलं."

"कितवा नंबर?"

ताईनं त्यांच्या हनुवटीवरची पेज पदरानं पुसली.

"पयला."