सगळं बघून झालेले दाजी

मराठवाड्यातलं एकही देऊळ, एकही किल्ला, एकही तळं असं नसेल, की जिथं जायचा रस्ता आमच्या दाजींनी कुणाला ना कुणाला सांगितलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. औरंगाबादच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत ते बसत. त्या खिडकीतली इतर माणसं 'दोन नंबरला लागंल' एवढं सांगून मान खाली घालत. दाजींना तेवढ्यावर चैन पडत नसे. एखाद्यानं पैठणची गाडी विचारली, तर दाजी त्याला वेळ सांगत, फलाट सांगत, उतरल्यावर कुठल्या बोळातून गेलं की घाट जवळ पडतो ते सांगत, घाटावरच्या कुठल्या पायरीला शेवाळ धरलंय तेही सांगत. मागची रांग चुळबुळत राही. शेवटी तो माणूस निघाला, की दाजी खिडकीतून अर्धे बाहेर येऊन त्याला ओरडून सांगत, "आन परत आल्यावर मला सांगून जायचं बरं का, कसं काय झालं ते!"

नवल म्हणजे माणसं खरंच परत येऊन सांगत. डोक्यावर गाठोडं, पायावर धूळ, अशा अवतारात एखादी म्हातारी थेट खिडकीपाशी येई. दाजी तिला आत बोलावून स्वतःचं स्टूल देत, चहा मागवत, आणि हनुवटीखाली मूठ धरून ऐकत बसत. तळ्याला पाणी किती होतं? देवीचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं? वाटेत माकडं होती का? म्हातारीला बिचारीला एवढं कुणी आयुष्यात विचारलेलं नसे. मी तेव्हा कॉलेजसाठी औरंगाबादलाच, पुंडलिकनगरला अक्काकडे राहत होते आणि येता-जाता हे पाहत होते. मला वाटायचं, दाजी आपली माहिती ताजी ठेवतायत. मास्तर जुन्या वह्या पुन्हा तपासतात, तसं काहीतरी.

घरीसुद्धा दाजींची खिडकी उघडीच असे. अंघोळीला पाणी तापलं, की बंबाजवळ उभे राहून ते जाहीर करत, "मोरीकडं जाणाऱ्यांनी लक्ष द्यावं, पाणी फलाटावर लागलेलं हाय." चहाला उशीर झाला, की 'काही कारणानं' उशीर झाल्याबद्दल दिलगिरीही तेच व्यक्त करत, आणि अक्का आतून चिमटा आपटत असे. कॉलनीतलं कुणीही गावाला निघालं, तर आधी दाजींकडे येऊन मगच पिशवी भरी. काश्मीरला निघालेल्या एका जोडप्यालासुद्धा त्यांनी तिथली थंडी अशी काही वर्णन करून सांगितली होती, की ती बाई ऐन मे महिन्यात आमच्या ओसरीवर शाल गुंडाळून बसली.

दाजींची दुसरी खोड सायकलची. आमचं माहेर गंगापूरचं. दाजी सासुरवाडीला यायचे ते सायकलवर. एस.टी.तल्या माणसाला पासाची सोय, पण हे आपले उन्हातान्हात पायडल मारत दुपारच्या पंक्तीला हजर. लग्नातसुद्धा सगळं वऱ्हाड गाडीतून आलं आणि नवरदेव मुंडावळ्या खिशात घालून मागून सायकलवर आले. पाठवणीला अक्का कॅरिअरवर बसली, तेव्हा बायकांना रडावं की हसावं कळेना. माझे वडील मात्र खूष होते. "जावई लई काटक हाय," असं ते पुढं कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होते.

या सगळ्यात अक्काच्या मनात एक सल होता. लग्न होऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी दाजींनी तिला कुठंही नेलेलं नव्हतं. "अहो, निदान वेरूळ तरी दाखवा," असं ती म्हणाली, की दाजी हात झटकत. "अगं, आपलं सगळं बघून झालंय. बघितलेलं परत काय बघायचं?" एकदा भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "ह्या माणसानं सगळं जग बघून घेतलं, आन माझ्याशिवाय बघितलं. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही गं." हे बोलताना तिनं भाकरी इतक्या जोरात थापली, की ती मधूनच फाटली.

मग त्या वर्षी दसरा झाल्यावर कॉलनीतल्या बायकांनी म्हैसमाळची सहल काढली. वर डोंगरावर तळं, तळ्याभोवती झाडी, मुलांना खेळायला मोकळं रान. पाऊस नुकताच गेलेला, थंडी अजून यायची होती. दिवसभरासाठी एस.टी.ची एक गाडीच ठरवली. दाजींनी ओसरीवर बसून सगळ्यांना तळ्याचं वर्णन ऐकवलं. मधोमध देऊळ, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, कमळं, बदकं. ऐकता ऐकता कुणीतरी म्हणालं, "मग तुम्हीच चला की आमच्यासोबत. तुमच्यासारखा वाटाड्या कुठं मिळायचा?" दाजींनी ड्युटी पुढं केली, गुडघा पुढं केला, शेवटी सगळं बघून झाल्याचं सांगितलं. तेव्हा अक्का उठून उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मी जाणार आहे. तुम्ही या, नायतर नका येऊ." अक्का असं कधी बोलली नव्हती. दाजी तिच्याकडे बघतच राहिले, आणि हळूच म्हणाले, "येतो की."

सहलीच्या दिवशी दाजींचा चेहरा सकाळपासूनच उतरलेला होता. गाडीचे ड्रायव्हर हमीदभाई त्यांच्या रोजच्या ओळखीचे. दाजींना पायरीवर बघून ते स्टिअरिंग सोडून वळलेच. "अरे साब! आप और गाडी में? आज सूरज किधरसे निकला?" दाजी खिडकीशी जाऊन बसले. पडेगाव मागं पडेपर्यंत ते ठीक होते. दौलताबादच्या वेशीतून गाडी अंग चोरून निघाली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्यांनी एकदम आरोळी ठोकली, "थांबवा! गाडी थांबवा!" रस्त्याच्या कडेला बायका सीताफळांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. दाजी खाली उतरले ते पाट्यांना वळसा घालून झुडपामागं गेले. बऱ्याच वेळानं रुमालानं तोंड पुसत परतले आणि खोल आवाजात म्हणाले, "इथली सीताफळं लई गोड. मुद्दाम थांबवली गाडी. घ्या सगळ्यांनी." सगळ्यांनी घेतली. खुलताबादच्या पुढं त्यांनी पुन्हा एकदा गाडी थांबवली. तिथं सीताफळं नव्हती, नुसता एक मैलाचा दगड होता. दाजींनी त्या दगडाचीही तारीफ केली. हमीदभाई आरशातून सगळं बघत होते. शेवटी त्यांनीच पुढची सीट रिकामी करून घेतली. "साब, आगे आके बैठो. नजर रोडपे रखो, कम लगती." दाजी निमूटपणे पुढं जाऊन बसले.

वर पोचल्यावर गार वारा लागला आणि दाजींच्या अंगात पुन्हा वाटाड्या संचारला. "चला, माझ्यामागं या," म्हणत ते तरातरा निघाले. आम्ही सगळे डबे, सतरंज्या, मुलं घेऊन मागं. पुष्कळ चाललो, आणि एका काटेरी तारेपाशी येऊन थांबलो. तारेपलीकडं एक म्हैस रवंथ करत होती. "रस्ता बदललेला दिसतोय," दाजी म्हणाले. शेवटी म्हशीच्या मालकानंच आम्हाला तळ्यावर आणून सोडलं.

तळं चांगलं भरलेलं होतं. कडेनं गुलाबी तेरडा, मागच्या उतारावर पिवळी रानफुलं, आणि पाण्यात सगळं आभाळ उतरलेलं. पण पायऱ्या नव्हत्या, कमळं नव्हती. शेजारच्या बाईंनी कपाळावर हात धरून इकडं तिकडं पाहिलं आणि विचारलं, "भाऊजी, मधोमधचं देऊळ कुठंय?"

दाजींनी पाण्याकडं पाहिलं. घसा साफ केला.

"यंदा पाऊस लई झाला," ते म्हणाले. "बुडालं असंल."

बाईंनी बुडालेल्या देवाला तिथूनच हात जोडले.

जेवणं झाली. मंडळी झाडाखाली कलंडली, मुलं पाण्यात खडे मारू लागली. दाजी जेवलेच नव्हते. ते तळ्याच्या अगदी कडेला चपला काढून बसले होते. अक्का त्यांच्यासाठी ताकाचा पेला घेऊन गेली, मी तिच्या मागं मिठाची पुडी घेऊन. आम्ही आलोय हे त्यांना कळलंही नाही. ते पाण्याकडं बघत स्वतःशीच म्हणाले, "केवढं हाय हे... आन असं हलतंय."

"म्हणजे?" अक्कानं विचारलं. "तुम्ही तर आधी आला होता ना इथं?"

दाजी दचकले. मग बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत राहिले.

"नाय आलो," ते म्हणाले. "इथंच काय, कुठंच नाय गेलो. मला गाडी लागते गं. लहानपणापासून. एस.टी.तला माणूस आन गाडी लागते, सांगू कुणाला? हसतील लोक. माणसं येऊन सांगायची, ते मी ऐकायचो. लग्न झाल्यावर तू पहिल्याच दिवशी विचारलंस, काय काय बघितलंय तुम्ही? मी म्हणून गेलो, सगळं. मग ते परत कसं घ्यायचं?"

मला वाटलं, आता अक्का ताकाचा पेला त्यांच्या डोक्यावर रिकामा करणार. तिनं पेला खाली ठेवला. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "वेरूळ?"

"नाय."

"पैठण?"

"नाय गं. सायकलवर गंगापूर तेवढं. तेपण तू होतीस म्हणून."

"म्हणजे माझ्याआधी कुठंच गेला नाहीत तुम्ही?"

दाजींनी मान हलवली. अक्का त्यांच्याजवळ मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!" ती म्हणाली. दाजी घाबरून माझ्याकडं बघायला लागले. "मेव्हणीबाई, हिला काय झालं?" मी काय सांगणार? त्या बाईला तिचं सगळं जग अख्खंच्या अख्खं परत मिळालं होतं. मी मिठाची पुडी ठेवली आणि तिथून काढता पाय घेतला.

त्यानंतर अक्कानं त्यांना सोडलं नाही. वेरूळ, पैठण, नाशिक, कोल्हापूर, पुढं थेट कोकण. महाराष्ट्रातला एकही घाट असा राहिला नाही, की जिथं दाजी गाडी थांबवून झुडपामागं गेले नाहीत. परत येताना चेहरा पांढराफटक, पण डोळे लकाकत असायचे. गंमत अशी, की खिडकीतलं त्यांचं बोलणं मात्र कमी होत गेलं. कुणी तळ्याबद्दल विचारलं, की दाजी तोंड उघडत, थोडा वेळ शब्द शोधत, आणि नुसतं म्हणत, "जाऊन बघा. चांगलं हाय."

दाजी गेल्याला आता काही वर्षं झाली. अक्का मुलाकडं पुण्याला असते. गेल्या शरदात माझ्या सुनेच्या माहेरची मंडळी आली होती, त्यांना घेऊन मी म्हैसमाळला गेले. तळं बघून मी चकितच झाले. एवढंसं तळं! गप्पा मारत सहज फेरी मारून यावी, एवढंच. त्या दिवशी ते मला समुद्राएवढं वाटलं होतं, आणि इतकी वर्षं मी लोकांना तसंच सांगत आले होते. मंडळींचे फोटो काढून झाले, गाडीकडून हाका यायला लागल्या. मी कडेला बसून होते. वाऱ्यानं पाणी बारीक हलत होतं. आणखी थोडा वेळ ते तसं बघत राहावं, एवढंच त्या घडीला वाटत होतं.